ओकायामातले पहिले बारा दिवस

28 मार्च 2019, गुरुवार

कान्साई विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या खिडकीतच निवासी कार्ड हातात पडलं. इथे त्याला झाइर्यू कार्ड म्हणतात. पुढे माझा फोटो आणि नाव, मागे पत्त्यासाठी रकाने. रकाने कोरेच. "राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता लिहून घ्या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. पंचवीस वर्षांत मला पत्ता नाही असा एक दिवस गेला नव्हता. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पडला, त्याच जागी इमारत उभी राहिली, तरी पत्त्यातली एक ओळसुद्धा बदलली नव्हती. कार्ड पाकिटात ठेवलं तेव्हा घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

हारुका एक्सप्रेसने शिन-ओसाका, तिथून शिनकान्सेनने पाऊण तासात ओकायामा. मी इथल्या विद्यापीठात संशोधक विद्यार्थिनी म्हणून आले आहे. पुण्यात पाच वर्षं जपानी शिकले, परीक्षा दिल्या, भाषांतराची कामं केली. भाषेची भीती नव्हती. एकटीने राहण्याचा मात्र एका दिवसाचाही अनुभव नव्हता. घरात कायम आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि येणारे-जाणारे.

एजंटच्या ऑफिसातून किल्ली घेऊन खोलीवर पोचेपर्यंत साडेपाच झाले. दुसरा मजला, सहा तातामींची खोली, छोटं स्वयंपाकघर, मागे बाल्कनी. सहा तातामी म्हणजे साधारण शंभर चौरस फूट. तातामीचा, म्हणजे जमिनीवरच्या चटयांचा, गवती वास सुटला होता. बॅगा टेकवल्या, खिडकी उघडून दमलेले पाय पसरले. अंधार पडायला लागला म्हणून दिव्याचं बटण शोधलं. बटण सापडलं, दिवा काही लागेना. वर पाहिलं तर छताला दिवाच नव्हता! दोन खाचा असलेली एक पांढरी गोल टोपी, बस्स. भाड्याच्या खोलीत दिवा ज्याचा त्याने आणायचा असतो, जाताना काढून न्यायचा असतो, हे पाच वर्षांच्या जपानीत मला कुणी सांगितलं नव्हतं.

गॅसही नव्हता. तो सुरू करायला कंपनीचा माणूस येतो आणि तेव्हा भाडेकरू घरात असावाच लागतो. माझी वेळ उद्या दुपारची होती. म्हणजे गरम पाणी नाही. गार पाण्याने हातपाय धुतले, स्टेशनवरून घेतलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खाल्ला. आत उमेबोशी होतं, खारवलेलं आंबट फळ. डोळे मिटून खाल्लं तर लिंबाच्या लोणच्याशी भात कालवल्यासारखं लागतं. न्हाणीघरात तेवढा दिवा होता. त्याचं दार उघडं ठेवलं, खोलीत त्या उजेडाची एक तिरकी पट्टी पडली, आणि तिच्या कडेला आजीच्या लुगड्यांची गोधडी अंथरून झोपले. आजीने ती द्यायचा हट्ट धरला तेव्हा वजन वाढतं म्हणून मी कुरकुरले होते.

29 मार्च, शुक्रवार

सकाळी दिवा आणायला निघाले. चपला घालून दार ओढलं आणि सवयीने तोंडातून निघालं, "येते गं." आत कुणीच नव्हतं. आमच्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हटलेलं चालत नाही. चुकून म्हटलं तर आजी परत बसवायची, पाणी पाजायची आणि मग 'येते' म्हणवून घ्यायची. जिना उतरताना लक्षात आलं की जपानीतही अगदी हेच आहे. घरातून निघणारा म्हणतो 'इत्ते किमासु', म्हणजे जाऊन येते. घरातला म्हणतो 'इत्तेराश्शाई', जाऊन ये. वर्गात पाठ केलेली जोडी. अर्धीच म्हणायची वेळ येईल हे तेव्हा सुचलं नव्हतं.

दिव्यांच्या दुकानातल्या मुलाने टोपीचा फोटो पाहिला आणि कोणताही घ्या, सगळे बसतात म्हणाला. खरंच सगळे बसतात. घरी आल्यावर मोठी बॅग आडवी टाकून तिच्यावर चढले. दिव्याच्या डोक्यावरचे दोन वाकडे आकडे खाचांत घातले, उजवीकडे फिरवले, 'टक्' आवाज आला. हात सोडायचा धीर होईना. सोडला. दिवा राहिला. बटण दाबल्यावर सगळी खोली एकदम दिसली: भिंतीवरची आधीच्या भाडेकरूच्या कॅलेंडरची चौकोनी खूण, तातामीच्या हिरव्या कापडी किनारी, माझ्या दोन बॅगा. भर दुपार होती, तरी मी तो बराच वेळ लावून ठेवला.

एक ते तीनमध्ये येतो म्हणालेला गॅसवाला एक वाजून पाच मिनिटांनी आला. बूट काढून त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवली, आणि स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसला. आधीच्या भाडेकरूने ठेवलेली शेगडी तपासली, नळी बदलली, ज्योत निळी आहे ना ते मला वाकून पाहायला लावलं. मग बाहेर मीटरपाशी नेलं. मोठा भूकंप झाला की मीटर आपोआप गॅस बंद करतं. घाबरायचं नाही, गॅसचे सगळे खटके बंद करायचे, हे बटण दाबायचं, लाल दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत तीन मिनिटं थांबायचं. त्याने हे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "एकट्या राहता ना, म्हणून," तो म्हणाला. या देशात मी एकटी आहे याची दखल घेणारा तो पहिला माणूस. त्याने ती तीन मिनिटं शिकवली याचं मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी शेजारच्यांना भेटून आले. नव्याने राहायला आलेल्याने काही छोटंसं घेऊन शेजाऱ्यांकडे जायची इथे रीत आहे. डावीकडच्या खोलीत कुणी नव्हतं. उजवीकडे ऐंशीच्या आसपासच्या एक आजी, एकट्याच. त्यांना बाकरवडीचं पाकीट दिलं. दोन्ही हातांनी घेतलं, वरचं देवनागरी बोटाने हळूच चाचपलं आणि विचारलं, "हे तुमचं अक्षर का?" एवढंच बोलणं झालं.

30 मार्च, शनिवार

गॅस आल्यावर पहिला स्वयंपाक. इथला तांदूळ आखूड आणि चिकट. मोकळा भात करायचा झाला तर डोकं फिरेल, पण मेतकुटासाठी याच्यासारखा तांदूळ नाही. आमच्याकडे आसट भातासाठी आंबेमोहर आणतात. हा न सांगताच आसट होतो. कुकर लावला आणि शिट्टी होणार हे ऐनवेळी आठवलं. इतक्या चिडीचूप इमारतीत, जिथे शेजारच्या नळाचं पाणीसुद्धा कळतं, तिथे कुकरची शिट्टी! गॅस बारीक केला, तरी ती झालीच. मी श्वास रोखून उभी राहिले. काही झालं नाही. पहिला वाफाळता घास, वर तूप, मेतकूट, मीठ. पानात डोळ्यांतलं पाणी पडलं, ते पुसलं नाही.

दुपारी जुन्या वस्तूंच्या दुकानातून सायकल घेतली. ओकायामा सपाट शहर आहे, शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सगळे सायकलवर. पुणं सायकलींचं शहर होतं असं बाबा सांगतात, ते मी पाहिलेलं नाही, इथे पाहिलं. सायकल विकत घेतली की चोरीविरोधी नोंदणी करावीच लागते, तिचा नंबराचा स्टिकर दुकानदाराने लावून दिला. आता माझ्यापेक्षा आधी माझ्या सायकलचा पत्ता सरकारदरबारी पोचला.

रात्री कचऱ्याचा तक्ता घेऊन बसले. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, कागद, प्रत्येकाचा वार निराळा. तक्ता फ्रिजच्या जागेवर चिकटवला. फ्रिज अजून यायचा आहे.

31 मार्च, रविवार

आज कोराकुएन बागेत गेले. ओकायामा निवडायचं एक कारण हेही होतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, या बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. शाळेत असताना दर मे महिन्यात बाबा आम्हाला तिथे न्यायचे, लाकडी पुलावर उभं करून मासे दाखवायचे. 'ओकायामा' हा शब्द मी पहिल्यांदा तिथल्या पाटीवर वाचला. तेव्हा वाटलं होतं, एखाद्या माणसाचं नाव असेल.

असाही नावाच्या नदीच्या काठाने सायकल चालवत गेले. अलीकडच्या काठाला काळ्या भिंतींचा किल्ला. काळा म्हणून त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. 29 जून 1945 च्या हवाई हल्ल्यात तो जळाला, आज दिसतो तो 1966 मध्ये पुन्हा बांधलेला. किल्ल्यापासून एक चालायचा पूल थेट बागेत उतरतो, नाव त्सुकिमी, चंद्र बघायचा पूल. पूल ओलांडला आणि बाग समोर आली. केवढी मोकळी! जपानी बाग म्हटलं की दगड, शेवाळ, वळणावळणाची दाटी असं डोक्यात असतं. इथे लांबच लांब हिरवळ, मध्ये तळी, आणि कडेला चक्क भाताची खाचरं आणि चहाचा मळा. या जहागिरीचा सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 मध्ये काम सुरू करवलं, 1700 मध्ये बाग पुरी झाली. शाहिस्तेखानानंतरचं, राजारामांच्या काळातलं पुणं डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

र्युतेन नावाचा एक मंडप आहे तिथे मी तासभर बसले. खालच्या मजल्याला भिंती नाहीत आणि जमिनीच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो. पाटात सहा निवडक दगड ठेवलेत. लोक काठाला बसून पाय खाली सोडतात, कुणी मोठ्याने बोलत नाही. चेरी नुकती उमलायला लागली होती, झाडावर थोडी फुलं आणि पुष्कळ कळ्या.

पुढे लाल डोक्याचे तांचो करकोचे दिसले, पिंजऱ्यातले. त्यांची हकिगत मला विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात मिळाली होती. युद्धाच्या काळात या बागेतले करकोचे संपले. मग 1956 मध्ये चीनहून करकोच्यांची जोडी इथे आली, पाठवली होती लेखक आणि विद्वान कुओ मोजो यांनी. ते विशी-पंचविशीत याच शहरात शिकायला होते, इथल्या सहाव्या उच्च विद्यालयात. मधे दोन देशांमध्ये किती भयंकर युद्ध होऊन गेलं. तरी त्या माणसाला आपल्या शिकण्याच्या वयातली बाग आणि तिच्यातले पक्षी आठवले. शंभर वर्षांपूर्वी तोही याच नदीकाठाने परक्या भाषेत मनातल्या मनात वाक्यं जुळवत गेला असणार. मी पिंजऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिले.

परत येऊन कुलूप काढताना कळलं की दिवसभरात मी तिकिटाच्या खिडकीवर 'एक द्या' आणि दुकानात 'पिशवी नको' एवढंच बोलले होते. आवाज घोगरा झाला होता. आईला फोन लावला. इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे साडेपाच, तिचा चहा चालू होता. बशी टेकवल्याचा आवाज आला. "बोल," ती म्हणाली. मी तासभर बोलले.

1 एप्रिल, सोमवार

किता वॉर्डाचं ऑफिस माणसांनी भरलेलं. जपानमध्ये शाळा, कॉलेजं, नोकऱ्या सगळं 1 एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे बदलीची माणसं आणि नवे विद्यार्थी एकाच वेळी पत्ते बदलायला येतात. अर्जावर तारीख सम्राटाच्या कालखंडाने लिहायची: हेइसेइ 31. माझा जन्म हेइसेइ 5. स्वतःचं जन्मवर्ष असं लिहिताना हात थबकला, जसं शके 1915 लिहिताना थबकेल. आडनावही बदललं. कुलकर्णी या अक्षरांना त्यांच्या लिपीत पाच घरं लागतात आणि वाचताना होतं कुरुकारुनि. कारकुनाने ते इतक्या काळजीने म्हटलं की मला ते परकं वाटलं नाही.

माझा नंबर यायचा होता, साडेअकरा उलटले होते. अचानक सगळे हॉलमधल्या टीव्हीकडे वळले. दोन मुलांची आई अर्ज तसाच टाकून उभी राहिली. 11 वाजून 40 मिनिटांच्या सुमाराला मुख्य कॅबिनेट सचिव सुगा योशिहिदे यांनी चौकटीतली दोन अक्षरं उचलून दाखवली: रेइवा. सम्राट आकिहितो 30 एप्रिलला पायउतार होणार आणि 1 मेपासून या नव्या नावाचा काळ सुरू होणार होता. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. 'रेइवा... रेइवा...' असं प्रत्येकजण स्वतःशी म्हणून पाहत होता, नव्या बाळाचं नाव म्हणून पाहतात तसं. शेजारच्या गृहस्थांनी तळहातावर बोटाने अक्षरं गिरवली. हे नाव 'मान्योशू' या प्राचीन कवितासंग्रहातून, उमेच्या, म्हणजे जपानी प्लमच्या, फुलांवरच्या 32 कवितांच्या प्रस्तावनेतून घेतलंय, असं बातम्यांत सांगत होते. आजवर अशी नावं चिनी ग्रंथांतून घेत आले होते; जपानी ग्रंथातून घेतलेलं हे पहिलंच म्हणे.

मग माझा नंबर लागला. कार्डाच्या मागच्या कोऱ्या रकान्यात माझा पत्ता उमटला, शिक्क्यासकट. आरोग्यविम्याचे कागद झाले. दवाखान्यात गेल्यास 30 टक्के आपण भरायचे. बाहेर येऊन कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरी पाठवले. आजीने विचारलं, "म्हणजे आता तू तिथली झालीस का?" मी म्हटलं, "नाही गं, फक्त पत्र येईल इतकीच."

2 ते 5 एप्रिल

मंगळवारी सकाळी कचरा ठेवला, संध्याकाळी पिशवी तिथेच, वर सूचनेचा कागद. जळणारा कचरा महापालिकेच्या ठरलेल्या पिशवीतच लागतो, त्या विकत मिळतात. मी दुकानाची साधी पिशवी वापरली होती. पिशवी वर आणली. सगळ्यांच्या वाटेवर माझी एकटीचीच पिशवी राहिली याची लाज वाटली.

मग बँक. तिथे स्थानिक फोन नंबर हवा, फोनच्या दुकानात बँकेचं खातं हवं. दोन दिवस या दोन काउंटरांमध्ये गेले. कँटीनमध्ये ऊदोनचा, म्हणजे जाड नूडल्सचा, रस्सा दिसायला शाकाहारी, पण त्याचा पाया सुकवलेल्या माशाचा. नुसता भात, तोफू आणि कोबी घ्यायला शिकले.

बुधवारी रात्री ताप भरला. 101. डोक्याशी पाणी नव्हतं आणि उठवत नव्हतं. घरी अशा वेळी मी हाकसुद्धा मारत नसे. कण्हण्याचा आवाज बाहेर गेला की आई येऊन कपाळावर हात ठेवायची. इथे मला पहाटे तीन वाजता नीट कळलं की पाण्याचा पेला मी उठून आणला नाही तर तो येणारच नाही. भिंतीला धरून उठले. पाणी प्याले, क्रोसिन घेतली, दिवा लावला आणि लावलेलाच ठेवला. सकाळी तांदळाची पेज केली, मीठ आणि चिमूटभर मेतकूट घालून वाडगाभर प्याले आणि पुन्हा झोपले. गुरुवारी संध्याकाळी ताप उतरला. हे आईला शुक्रवारी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "रात्री उशाशी तांब्या भरून ठेवत जा." तेव्हापासून ठेवते.

6 एप्रिल, शनिवार. गुढीपाडवा

निघायच्या आदल्या रात्री आईने बॅगेत एक पुडकं घातलं होतं आणि पाडव्याला उघड म्हणाली होती. आत हातभर खण, छोटा तांब्याचा गडू, हळद-कुंकवाच्या दोन डब्या आणि साखरेची गाठी. गाठी दोन ठिकाणी मोडली होती, दोऱ्यामुळे टिकून होती. विमानाची तारीख ठरली तेव्हाच तिने दिवस मोजले असणार.

काठी कुठून आणायची? बाल्कनीत कपडे वाळत घालायचा लांब दांडा होता, तोच पुसून घेतला. टोकाला खणाच्या निऱ्या बांधल्या, गडू पालथा घातला, गाठी अडकवली. कडुलिंब इथे मिळाला नाही. चेरीची डहाळी तोडणं बरोबर नव्हतं. नदीकाठी गळून पडलेला एक घोस मिळाला, तो खोवला. दांडा कठड्याला तिरका बांधला आणि पूजा केली. वारा होता, खणाचा जांभळा रंग उन्हात फडफडत होता.

शेजारच्या आजींची बाल्कनी आणि माझी बाल्कनी यांच्यामध्ये फक्त एक पातळ फळी आहे. तिच्यावर लिहिलंय: संकटाच्या वेळी ही फोडून शेजारी निसटा. फळीच्या कडेने आजींचं डोकं डोकावलं.

"हे काय?"

"आमचं नवीन वर्ष. आज."

"एप्रिलमध्ये?"

"हो. चैत्र लागला की."

त्या गुढीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, इथेही आता सगळं नवंच चाललंय, रेइवा येतंय. "मी शोवा काळातली, मग हेइसेइ, आता तिसरं. समोरचा किल्ला जळाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. नदीच्या पलीकडून पाहिला." एवढं बोलून गप्प झाल्या. मीही काही विचारलं नाही. मग त्यांनीच विषय बदलला. "दुपारी येतो तो रेल्वेच्या इंजिनासारखा आवाज कसला?" मी आत जाऊन कुकर आणून दाखवला, शिट्टी बोटाने उचलून दाखवली. आवाजाचा त्रास होतो का विचारलं, तर म्हणाल्या, "नाही. भात झाला असं कळतं."

गाठीचा मोडका तुकडा फळीच्या कडेने त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला. "कोन्पेइतो," म्हणाल्या. त्यांच्याकडची खडेदार साखरेची गोळी.

सूर्यास्ताआधी गुढी उतरवली. गडू घासून पाणी भरून उशाशी ठेवला.

8 एप्रिल, सोमवार

विद्यापीठात आज पहिलं व्याख्यान. सकाळी दार ओढून किल्ली फिरवत होते, आजी व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"येते," मी म्हणाले. मराठीतच निघालं. मग म्हटलं, "इत्ते किमासु."

झारी खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "इत्तेराश्शाई."

मी जिना उतरून सायकलचं कुलूप काढलं.